दुपारी जाणारे कान

भोंगाआजोबांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि कुणी मारली असती तरी ती त्यांना ऐकू गेली असती याची खात्री नव्हती. उभा जन्म त्यांनी कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर काढला. वाफेच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि पाळी बदलायची वेळ झाली की डोक्यावरची साखळी ओढून भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. त्या भोंग्यावर अख्खी वस्ती उठायची, जेवायची, घड्याळं लावायची. पुढे कारखाना बंद पडला, धुराडं पाडलं, भोंगा भंगारात गेला. नाव तेवढं आजोबांना चिकटून राहिलं, आणि बहिरेपणा.

ठार बहिरे नव्हते ते. समोर उभं राहून मोठ्याने बोललं की ऐकायचे, मनाविरुद्धचं बोललं की ऐकायचे नाहीत. मुलाने हौसेने कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते थोडे दिवस घालून त्यांनी कपाटात टाकलं. "यात माणसं बोलताना ऐकू येत नाहीत, जेवताना ऐकू येतात," असं त्यांचं म्हणणं. यावर कुणी वाद घातला नाही, कारण त्यांच्याशी वाद घालायचा तर घसा बसायचा.

मुलगा दिवसभर कामावर. घरात आजोबा आणि सूनबाई. आणि सूनबाईची मुलं, म्हणजे तिची स्वतःची नव्हेत, लोकांची. पुढच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची. सकाळी आयाबाप आपापली पोरं तिच्या ओंजळीत टाकून कामाला पळायचे आणि संध्याकाळी परत घेऊन जायचे. सूनबाईच्या डोक्याला कायम रुमाल बांधलेला, कारण कडेवरच्या पोराच्या हाती केस लागले की ते लगाम समजून ओढतं. तिचा स्वभाव तसा मऊ, पण एका बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. दुपारची झोप म्हणजे झोप. दारावरच्या बेलचं बटण बंद, कुकर बंद, चपला दाराबाहेर, नळ धारेऐवजी थेंबाने. जेवणं झाली की ती पोरांना ओळीने सतरंजीवर आडवं करायची आणि त्यानंतर घरात कुणी खोकलंसुद्धा तर डोळे वटारायची. आयाबापही याच एका गोष्टीसाठी तिच्याकडे यायचे. दुपारी झोपलेलं पोर रात्री हसतं-खेळतं, न झोपलेलं पोर घर डोक्यावर घेतं, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आता बहिऱ्या माणसाशी कुजबुजून बोलता येत नाही. यावर उपाय आजोबांनीच काढला होता. बॉयलरच्या खोलीत आवाज इतका की तिथे माणसं तोंडाने बोलतच नसत, हातांनी बोलत. पालथा पंजा खाली दाबला की आच कमी कर. उताणा पंजा वर उचलला की वाढव. मूठ वळून हवेत ओढली की भोंगा दे. आणि एखाद्याच्या हातून काही चुकलं तर त्याने डोक्यावरची टोपी काढायची. त्या गोंगाटात कारणं कोण सांगणार आणि कोण ऐकणार! टोपी निघाली की चूक कबूल, विषय संपला, पुढे कुणी काही विचारायचं नाही. ही सगळी भाषा त्यांनी सुनेला शिकवली होती, आणि दुपारभर दोघं त्याच भाषेत बोलायची. चहा हवा का, गोळी घेतली का, खिडकीपाशी झोपवलेला लठ्ठू उठला वाटतं, सगळं हातांनी. लग्न होऊन आल्यावर सासऱ्याशी काय बोलावं हा सुनांना पडणारा प्रश्न सूनबाईला कधी पडला नाही, तो या हातांमुळे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मुलाने बापाला स्मार्टफोन आणला.

जुना बटणांचा फोन पाण्याच्या बादलीत पडून मेला होता. नव्या फोनची आजोबांना एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे त्याचा आवाज. दुकानातल्या पोरीला त्यांनी सगळ्यात मोठी वाजणारी रिंग लावून द्यायला सांगितली आणि तिने आगीच्या बंबाच्या घंटेसारखं काहीतरी लावून दिलं. बाजूचं बटण वर दाबत नेलं की आवाज वाढतो हे त्यांना लगेच उमगलं. ते खाली दाबायचंही असतं, हे मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही.

आणि या फोनवर रोज दुपारी, नेमका पोरांच्या झोपेच्या ऐन रंगात, कोळशाचा फोन यायचा. कोळशा म्हणजे आजोबांचा बॉयलरवरचा जोडीदार. भट्टीत कोळसा टाकायचं काम त्याचं, म्हणून कोळशा. तो आता दूर मुलाकडे राहायचा आणि त्याचेही कान त्याच खोलीत गेलेले. दुपारी त्याच्या घरची सगळी बाहेर असत, म्हणून त्याला तेवढ्याच वेळी मोकळेपणाने ओरडता यायचं. संध्याकाळी मुलगा-सून घरी आल्यावर असं ओरडायला त्याला लाज वाटे. बाकीचे जोडीदार एकेक करून गेले होते. भोंग्याला भोंग्या म्हणणारा जगात हा एकच उरला होता.

"भोंग्या, ऐकतोस का?"

"ऐकतो! तू ऐकतोस का?"

"ऐकतो!"

मग जेवण, मग पोट, मग कोण गेलं, मग पुन्हा ऐकतोस का. कोळशाचा आवाज फोनमधून भिंतीपलीकडे यायचा, आजोबांचा रस्त्यापलीकडे जायचा. आधी घंटा, मग हे संभाषण. लठ्ठू दचकून उठायचा, त्याच्या रडण्याने शेजारची अंगठाचोखी उठायची, आणि मग ओळीने सगळी. एका मुलीची आई दोनदा बोलून गेली होती, तिसऱ्यांदा बोलली ती नुसती बोलली नाही. "ताई, असंच चालणार असेल तर मला दुसरीकडे बघावं लागेल," असं तिने तोंडावर सांगितलं.

सूनबाईने आजोबांना समजावलं नाही असं नाही. "बाबा, दुपारी फोन सायलेंटवर ठेवा ना!" असं ती म्हणाली की ते "बरं बरं" म्हणत आणि हाताला लागेल ते बटण वर दाबत. व्हायब्रेटवर ठेवून पाहिला. खिशातली थरथर त्यांना कळेना, आणि पत्र्याच्या पेटीवर ठेवला तर तो पेटीवर असा नाचला की घंटा परवडली. शेवटी एक दिवस तिने ठरवलं, की सांगून भांडण होण्यापेक्षा न सांगता शांतता बरी. सासू असती तर असलं शहाणपण पहिल्या दिवशीच पकडलं असतं.

जेवणं झाल्यावर "आणा, चार्जिंगला लावते" म्हणून ती त्यांचा फोन घेऊन आत गेली आणि बाजूचं बटण खाली दाबत नेलं. तेव्हा फोनवर आजोबांची गाणी चालू होती, त्यामुळे गाणी तेवढी बारीक झाली. रिंग होती तिथेच राहिली, आणि दुपारी घंटा अशी ठणाणली की सूनबाईच्या हातातली दुधाची बाटली निसटली. दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबल्यावर पडद्यावर येणारी खूण दाबून पाहिली, तर एकीऐवजी आवाजाच्या चार पट्ट्या उघडल्या. रिंगची वेगळी, गाण्यांची वेगळी, गजराची वेगळी, बोलण्याची वेगळी. कुठली पट्टी कशाची हे बघत बसायला पाळणाघरवाल्या बाईला वेळ कुठला? तिने चारही पट्ट्या डावीकडच्या टोकाला नेल्या, फोन आजोबांच्या उशाशी आणून ठेवला आणि कानोसा घेत बसली. फोन उजळला, विझला. हूं की चूं नाही. पोरं झोपलेली. आजोबाही घोरत होते. तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पोरं गेली की ती चारही पट्ट्या उजवीकडे सरकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार्जिंग. तिच्या दृष्टीने हे सायलेंट करणंच होतं, फक्त जरा सविस्तर. तक्रार करणारी आई पुन्हा हसून बोलायला लागली. आणि फोन येऊन गेल्याचं पडद्यावर दिसतंच, बाबा संध्याकाळी परत लावतील, असा हिशोब तिने मनाशी करून टाकला होता. संध्याकाळी कोळशा बोलत नाही, हे तिला माहीत असूनही तिने त्याकडे कानाडोळा केला.

आजोबांना मात्र काय दिसत होतं ते बघा. ते जागे व्हायचे तर फोन उशाशी, पडद्यावर कोळशाचे फोन येऊन गेल्याच्या लाल खुणा. म्हणजे घंटा वाजली, कानाशी वाजली, आणि आपल्याला ऐकू आली नाही. गोळीचा गजर लावलेला, तोही वाजून गेलेला. एकदा ते मुद्दाम न झोपता फोनकडे टक लावून बसले. पडदा उजळला, कोळशाचं नाव आलं, आणि घंटा नाही. उचलून कानाला लावला तर पलीकडून विहिरीच्या तळातून यावी तशी कुणाची तरी कुजबुज. कोळशा कधी कुजबुजला नव्हता. म्हणजे कुजबुज त्याची नव्हे, दोष आपल्या कानांचा. घरात दुपारी सगळं हातांनी चालायचं, त्यामुळे आपल्याला दुसरं काही ऐकू येतं की नाही हे ताडून बघायलाही वाव नव्हता. संध्याकाळ झाली, सूनबाई मोठ्याने बोलू लागली, मुलगा आला, गाणी लागली, की सगळं पूर्ववत. आजोबांनी काट्यावर नजर ठेवून जन्म काढला होता. जे दिसतं त्यावरून आत काय बिघडलंय ते ओळखायचं, हीच त्यांची विद्या. त्या विद्येने त्यांनी निदान केलं, की आपले कान दुपारी जातात आणि संध्याकाळी परत येतात, आणि एक दिवस परत यायचे नाहीत.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अशी गोष्ट सांगायची लाज वाटते माणसाला. एका दुपारी सूनबाईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर आजोबा मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून, फोन तोंडाला टेकवून, दबक्या आवाजात काहीतरी बोलत होते. थोडंच बोलले. मग फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघत राहिले आणि खिशात टाकला. पोरांची झोप मोडू नये म्हणून बाहेर गेले, आलं बाई एकदाचं लक्षात, असं तिला वाटलं. तिला बरंच वाटलं.

त्यानंतर फोन उजळायचाच थांबला. सूनबाईला चार पट्ट्यांची गरजही उरली नव्हती, पण सवयीने ती त्या सरकवत राहिली. आजोबा हळूहळू बोलेनासे झाले. हातांनीही. चहा हवा का विचारलं तर मान हलवायचे, एवढंच. वयच झालंय, असं मुलगा म्हणाला. मग एका सकाळी ते स्वतःहून कपाटातून कानाचं यंत्र काढून घेऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, मला कानाच्या डॉक्टरकडे ने."

जो माणूस दात दुखला तरी लवंग धरून बसायचा, तो डॉक्टरकडे ने म्हणतोय म्हटल्यावर सूनबाईने त्याच दिवशी जायचं ठरवलं. पोरं शेजारणीवर सोपवून ती त्यांना घेऊन गेली.

कानाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण धीराच्या. त्यांनी आजोबांना एका मऊ भिंतींच्या खोक्यात बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आजोबा बटणावर बोट ठेवून असे बसले होते, जणू त्यांचीच पाळी सुरू झाली होती. तपासणी झाली. डॉक्टरबाई मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "आजोबा, गेल्या खेपेला होते तसेच आहेत कान. काही बिघडलेलं नाही. हे यंत्र मात्र घालत जा."

आजोबांना आनंद झाला नाही. ते पुढे सरकले आणि खालच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "आत्ता नाही हो डॉक्टर. आत्ता चांगलेच आहेत. माझे दुपारी जातात."

"दुपारी जातात म्हणजे?"

"जेवण झालं की जातात. फोन वाजतो तो ऐकू येत नाही. माणूस बोलतो ते लांबून आल्यासारखं वाटतं. संध्याकाळी येतात परत. तुम्ही माझी दुपारची तपासणी करा."

डॉक्टरबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत, म्हातारपणी डोकंही थोडं इकडेतिकडे होतं, असं काहीसं होतं. आणि सूनबाईला, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, चारही पट्ट्या डोळ्यांसमोर दिसल्या.  आत्ता सांगावं, इथेच सांगावं, असं तिला वाटलं. पण डॉक्टरबाईंसमोर तिची जीभ उचलेना. "बघते मी," एवढंच ती पुटपुटली, आणि ते आजोबांना ऐकू गेलं नाही.

परतीच्या बसमध्ये आजोबा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी यंत्र कानात घातलं होतं. ज्या यंत्राला त्यांनी जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही, ते त्यांनी मुकाट्याने घातलं होतं, आणि ते बघून सूनबाईला रडू आवरेना. तिने रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि बाहेर बघत राहिली.

दोघं घरी पोचली तेव्हा शेजारणीने पोरं झोपवली होती. ओठांवर बोट ठेवून तिने दार उघडलं आणि पाऊल न वाजवता आपल्या घरी गेली. आजोबा पलंगावर बसले. दुपार झाली होती. कान जायची वेळ. त्यांनी खिशातून फोन काढला आणि नेहमीप्रमाणे, चार्जिंगसाठी, आपण होऊन सुनेच्या हातात दिला.

फोन घेऊन ती आत गेली नाही. त्यांच्याशेजारी बसली, फोन त्यांना दिसेल असा धरला, बटण दाबलं आणि चारही पट्ट्या उघडल्या. एकेक पट्टी तिने बोटाने डावीकडे ओढत नेली. मग खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवलं. पुन्हा एकेक पट्टी उजवीकडे नेली, दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवलं, म्हणजे संध्याकाळ. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. आजोबा फोनकडे बघत होते, तिच्या बोटाकडे बघत होते. त्यांना कळलं की नाही ते तिला कळेना.

तेव्हा तिने हात वर नेला आणि डोक्याचा रुमाल काढला.

आजोबांनी तिच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून उशीवर टाकलं आणि पाळी बदलायच्या भोंग्याच्या आवाजात विचारलं, "म्हणजे माझे कान आहेत?"

लठ्ठू दचकून उठला. अंगठाचोखीने तोंड वाकडं केलं.

"आहेत बाबा," सूनबाई म्हणाली, नेहमीच्या, म्हणजे संध्याकाळच्या आवाजात. "होते तसेच आहेत. मीच..."

त्यांनी हात आडवा केला. रुमाल निघाला होता, पुढे विचारायचं नव्हतं, सांगायचंही नव्हतं. पण नियम पाळणं त्यांना जड जात होतं. ते उठले, भिंतीपाशी गेले, परत आले.

"त्याला मी काय सांगितलंय माहितेय तुला?" ते म्हणाले. "तू काय बोलतोस ते मला कळत नाही म्हणालो. कान गेले म्हणालो. आता फोन करू नकोस, मी मेलो असं समज. असं सांगितलंय मी त्याला."

आता सगळी पोरं उठली होती आणि एकमेकांच्या सुरात सूर मिळवत होती. सूनबाईने एकीला कडेवर घेतलं, एकाला पायाने थोपटलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. आजोबांनी तो घेतला नाही. "तूच लाव," ते म्हणाले. "मी कसा लावू? मेलोय ना मी."

तिने लावला, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि कानाशी न नेता समोर धरला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कोळशाही आता दुपारी फोनपाशी बसत नसेल, असं तिच्या मनात आलं. मग आवाज आला.

"कोण?"

"काका, मी भोंगाआजोबांची सून बोलतेय!"

"कोण? मोठ्याने बोल!"

ज्या घरात दुपारी कुणी खोकत नसे, त्या घरात, रडणाऱ्या पोरांच्या मधोमध उभी राहून सूनबाई गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "त्यांचे कान आहेत, काका! गेलेले नाहीत! चूक माझी झाली, मी फोनचा आवाज बंद करत होते!"

रस्त्यावरून जाणारी बाई दारात थांबून आत बघू लागली. 

"मग तू काय ओरडतेस," कोळशा म्हणाला. "त्याला दे की फोन!"

आजोबांनी दोन्ही हातांनी फोन घेतला.

"भोंग्या? मेलेला माणूस ना रे तू? ऐकतोस का?"

 आजोबांनी सुनेकडे पाहिलं. सवयीने तिचा पंजा पालथा होऊन खाली जायला निघाला होता, तिने तो मध्येच थांबवला. मग मूठ वळली आणि हवेतली साखळी ओढली.

"ऐकतो!" आजोबा ओरडले. "ऐकतो रे! तू ऐकतोस का?"